बोटावरची धूळ

कठड्याला टेकण्याआधी त्या आजींनी उजव्या हाताचं एक बोट लोखंडी नळीवरून ओढलं, ते डोळ्यांजवळ नेऊन कंदिलांच्या उजेडात नीट पाहिलं, आणि मगच दोन्ही कोपरं टेकून समोर बघायला लागल्या. एवढंच. मागे हजारो माणसं, पुढे चार मनोरे पेटायची वाट बघत असलेले, कानात ढोल. त्या गर्दीत हे कुणाला दिसलं असेल असं वाटत नाही. त्यांना स्वतःलाही आपण असं काही केल्याचं कळलं नसावं. पण मला पुढचा अर्धा तास समोरचं नीट दिसलं नाही. कारण ते बोट मी ओळखत होते. गोव्यात डिचोलीच्या आमच्या घरात खिडकीच्या लाकडावरून, जेवणाच्या टेबलावरून, देवघराच्या पाटावरून असंच एक बोट रोज फिरायचं. ते वर धरून आई म्हणायची, “पळय.” बघ. पुढे काही बोलायची नाही. बोटाचं टोक कुंकवात बुडवल्यासारखं लाल असायचं.

मी तेव्हा जपानमधल्या किताक्यूशू शहरात, त्यातल्या तोबाता नावाच्या भागात होते. धाकटा भाऊ तिथल्या तंत्रविद्यापीठात संशोधन करतो. भावजयीचं बाळंतपण होतं आणि गुडघ्यांमुळे आईला जाणं शक्य नव्हतं, म्हणून जूनपासून मी गेले. शेजारच्या दारात या आजी राहायच्या, एकट्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. बाळ आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी न बोलता दाराशी काकड्यांची पिशवी ठेवली होती. माझं जपानी आणि त्यांचं इंग्रजी सारखंच, म्हणजे शून्य. तरी दोन गॅलऱ्यांच्या मधल्या पत्र्यावरून आमचं बरंच चालायचं. मी दुपटी वाळत घातली की त्या आभाळाकडे बोट दाखवून मान हलवायच्या. पाऊस येणार की नाही हे मला त्यांच्याकडून कळायचं.

किताक्यूशू बघायला म्हणून कुणी जात नाही. शिंकानसेन, म्हणजे तिथली वेगवान आगगाडी, इथल्या कोकुरा स्थानकावर थांबते, पण फिरायला आलेली माणसं बसून राहतात आणि पुढे हाकाताला उतरतात. भाऊ मला पहिल्या रविवारी म्हणाला, “ताई, इथे देवळं-बागा बघायची अपेक्षा ठेवू नकोस हं, इथे कारखाने बघायचे.” मोजी, कोकुरा, तोबाता, याहाता आणि वाकामात्सु ही पाच गावं १९६३ साली एकत्र करून हे शहर झालं. पाचही गावं कोळसा, लोखंड आणि बंदर यांच्यावर जगलेली. तोबाता आणि वाकामात्सु यांच्या मध्ये दोकाई नावाची लांबट, चिंचोळी खाडी आहे. तिच्यावर रक्तासारख्या लाल रंगाचा झुलता पूल आहे, १९६२चा. उघडला तेव्हा आशियातला सर्वांत लांब म्हणून मिरवला गेला. पण मला पुलापेक्षा खालची होडी आवडायची. तीन मिनिटांत पलीकडे. शाळेची मुलं, भाजीची पिशवी घेतलेल्या बायका, सायकल तशीच हातात धरून चढलेले म्हातारे. पाण्याला डिझेलचा आणि शेवाळाचा मिसळून वास. पणजीहून बेतीला जाताना फेरीबोटीत जसं कुणी कुणाशी बोलत नाही आणि तरी सगळे एकमेकांचे वाटतात, अगदी तसं. मी बाळ झोपलं की उगाच पलीकडे जाऊन उगाच परत यायचे.

त्या खाडीकडे बघताना मला मांडवी दिसायची, आणि मांडवीतली बार्जं.

लहानपणी बाबांच्या टिप्परमध्ये बसून मी धक्क्यापर्यंत जायचे. खाणीवरून खनिज भरायचं, धक्क्यावर ओतायचं. तिथून ते बार्जमध्ये, बार्जमधून मुरगाव बंदरात, तिथून मोठ्या बोटीत. बोट कुठे जाते असं विचारलं की बाबा म्हणायचे, “जपानला.” पोर्तुगीज असतानाच, १९५०च्या दशकात, गोव्याचं खनिज जपानला जायला लागलं होतं, आणि बाबांच्या पिढीला तर बोट म्हणजे जपानच. मला वाटायचं, जपान म्हणजे आमची माती साठवून ठेवण्याची जागा असणार. एवढी माती रोज जाते, तर तिकडे केवढा डोंगर झाला असेल! इकडे आमचे डोंगर आतून खाल्ल्यासारखे होत होते, हेही दिसायचं, पण ही दोन चित्रं मी कधी शेजारी ठेवली नाहीत. डिचोलीच्या रस्त्याला लागून असलेल्या घरांना दोनच ऋतू होते. पावसाळा, जेव्हा खाणी बंद आणि शेतांत लाल गाळ. आणि उरलेलं वर्ष, जेव्हा फणसाची, काजूची, तुळशीची पानंसुद्धा विटेच्या रंगाची. जूनची पहिली सर आली की झाडं एका दुपारीत हिरवी व्हायची, आणि आई व्हरांड्यात उभी राहून ते बघत बसायची. वर्षातून तेवढी एकच दुपार मी तिला काही न करता बसलेली पाहिली आहे.

बाळ महिन्याचं झाल्यावर भाऊ मला याहातातल्या हिगाशिदाला घेऊन गेला. याहाताचा सरकारी पोलाद कारखाना १९०१ साली सुरू झाला, तो इथे. आता उभी आहे ती भट्टी म्हणजे त्याच जागी १९६२ साली नव्याने बांधलेली दहावी. १९७२ला तीही विझली. वर पांढऱ्या पाटीवर मोठ्या आकड्यांत १९०१ लिहिलेलं आहे, बाजूने आगगाडी जाते, समोर मोठं दुकानसंकुल. इथे आधी अंतराळाच्या नावाची करमणूक-नगरी होती, १९९०पासून २०१७पर्यंत. ती पण गेली. त्या कारखान्याची जुनी विटांची कचेरी २०१५ला जागतिक वारशाच्या यादीत आली, पण ती अजून चालू कारखान्याच्या हद्दीत असल्यामुळे लांबून, मुद्दाम बांधलेल्या मचाणावरून बघायची. मी भट्टीच्या पायऱ्या चढून आत डोकावले. गंजलेल्या लोखंडाचा एक वास असतो, जिभेवर येतो. तो बाबांच्या टिप्परच्या मागच्या फाळक्याचा वास होता. सुरुवातीला इथलं खनिज चीनमधून यायचं. आणि युद्धानंतर जपानी भट्ट्यांत जगभरची माती आली, त्यात आमचीही. या भट्टीच्या तोंडात आमच्या गावचा डोंगर गेला का हे मला कोण सांगणार? पण हात लावला तेव्हा मी नकळत हात मागे घेऊन बघितला. लाल होता.

येताना भावाने कारखान्यातल्या कामगारांसाठी शंभर वर्षांपूर्वी तयार केलेली बिस्किटं घेतली. इतकी टणक की दाताने तुटत नाहीत. चहात बुडवून धरावी लागतात. आमच्या पोदेराकडच्या, म्हणजे पाववाल्याकडच्या, बांगडीसारख्या टणक पावांची, काकणांची आठवण आली. रात्रपाळी करून सकाळी सुटलेली माणसं दारूच्या दुकानातच, गल्ल्यापाशी उभ्याने एक पेला पिऊन घरी जायची. त्या उभ्या पिण्याला इथे ‘काकुउची’ म्हणतात आणि आजही तशी दुकानं आहेत. सकाळी नऊ वाजता असं एक दुकान मी बाहेरून पाहिलं. तीन म्हातारे, तिघांचे पेले अर्धे, तिघेही गप्प. आता कोणती पाळी संपली असेल त्यांची?

त्याच हिगाशिदात पर्यावरणाचं एक संग्रहालय आहे, आणि तिथे गेल्यावर मात्र मी दीड तास हलले नाही. भिंतीवर जुने फोटो: शेकडो धुराडी, आणि आभाळ नाहीच. एके काळी या धुराचा अभिमान होता. त्याला सात रंगांचा धूर म्हणायचे, भरभराटीची खूण मानायचे. १९६५मध्ये याहाताच्या एका वस्तीत महिन्याला दर चौरस किलोमीटरवर सरासरी ८० टन धूळ पडत होती. १९६६च्या पाहणीत दोकाई खाडीच्या पाण्यात प्राणवायू शून्य निघाला. मासे सोडाच, जंतूही जगत नाहीत असं म्हणायचे. या सगळ्याविरुद्ध उभ्या राहिल्या त्या तोबाताच्या बायका. नाकाबारू वस्तीच्या महिला मंडळाने १९५० साली वाळत घातलेल्या चादरी काळ्या होतात हे दाखवून वीजकेंद्राच्या राखेविरुद्ध तक्रार केली. पुढे सानरोकु भागातल्या बायका प्राध्यापकाकडून शिकल्या, खोक्यांत धूळ गोळा केली, मुलांची शाळेतली गैरहजेरी मांडली, आणि १९६५ला तोबाताच्या महिला मंडळांनी मिळून आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने अर्ध्या तासाची एक फिल्म स्वतः बनवली. नाव ठेवलं, ‘आम्हाला निळं आकाश हवं’. ज्या कारखान्यांच्या धुराड्यांवर त्यांनी कॅमेरा धरला त्यांतच त्यांचे नवरे कामाला होते. पगार तिथूनच येत होता. या ओळीपाशी भाऊ भाषांतर करता करता थांबला. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

आमचं शिक्षण टिप्परच्या फेऱ्यांवर झालं. भावाचं विमानाचं पहिलं तिकीटही.

जुलै महिनाभर हे शहर सणात असतं. पाच गावं होती, म्हणून सणही गावोगावचे वेगळे. तिसऱ्या आठवड्यात कोकुराच्या किल्ल्याजवळ ढोल: एका ढोलाला दोन्ही बाजूंनी दोघे वाजवतात, एका बाजूचा आवाज खणखणीत, दुसरीचा दबका, आणि सगळं चालता चालता. मी तिथे कडेवर बाळाला घेऊन उभी होते आणि ते त्या आवाजात गाढ झोपलं. किल्ल्याच्या बाजूच्या बागेत पूर्वी शस्त्रांचा कारखाना होता. ९ ऑगस्ट १९४५ला दुसरा बॉम्ब इथेच टाकायचा होता. वर ढग आणि धूर होते, खालचं दिसेना, म्हणून विमान नागासाकीला वळलं. हे मला त्या ढोलांमध्ये उभं असताना कळलं आणि मी बाळाचे पाय घट्ट धरले. आदल्या दिवशी याहाता बॉम्बफेकीत जळलं होतं. कुणी म्हणतं तो त्याचाच धूर, कुणी म्हणतं नुसते ढग. आमच्या शेजारच्या आजी तेव्हा लहान मुलगी असणार. धुराबद्दल काय वाटायचं असतं अशा माणसाला? ज्या शहरात धूर म्हणजे पगार, धूर म्हणजे खोकला, आणि एका सकाळी कदाचित धूर म्हणजे जीव वाचणं?

आणि मग चौथ्या शनिवारी तोबाताचा यामागासा, म्हणजे खांद्यांवर उचलून न्यायचा उंच मनोरा.

१८०२मध्ये गावात साथ आली, देवाला साकडं घातलं, साथ ओसरली, म्हणून पुढच्या वर्षी पहिला यामागासा उचलला गेला. आज चार मोठे आहेत: पूर्व, पश्चिम, नाकाबारू आणि तेनराईजी. शाळकरी मुलांचे छोटे वेगळे. २०१६पासून हा सण युनेस्कोच्या यादीतल्या जपानी रथोत्सवांपैकी एक आहे. दिवसा यामागासा म्हणजे जरीकाम केलेल्या पडद्यांनी आणि निशाणांनी सजलेली पालखी, आपल्याला ओळखीची वाटेल अशी. संध्याकाळी ती सगळी सजावट उतरवतात. खाली लाकडाचा उघडा सांगाडा राहतो, आणि जमिनीवर ठेवलेले कंदिलांचे पाच थर एकदम वर चढवतात. मग त्याखाली एकेक थर, एकूण बारा. ३०९ कागदी कंदील, प्रत्येकात खरी मेणबत्ती. दहा मीटर उंच, अडीच टन वजन, ऐंशीएक खांदे. तो पेटलेला त्रिकोण जमिनीवरून उठतो त्या क्षणाला गर्दीतून जो आवाज येतो तो ओरडण्याचा नसतो. सगळ्यांनी एकदम श्वास घेतल्याचा असतो. मग “योइतोसा, योइतोसा” करत माणसं धावतात, आणि डोंगराएवढी आग डुलत अंगावर येते. मेणाचा वास, घामाचा वास, पावसाळा नुकताच सरल्याची ती चिकट उष्णता. तळाच्या खांद्यांवरची कातडी सोललेली दिसते, इतक्या जवळून जातात.

आणि तेव्हा मला शिरगाव आठवलं. लईराई देवीच्या जत्रेत पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जाणारे धोंड, म्हणजे देवीचे व्रती. हातात रंगीत गोंड्यांचे बेत, म्हणजे वेताच्या काठ्या, अंगावर ओलं वस्त्र. बाबा पंधरा-सोळा वर्षं धोंड होते. शिरगावलाच खाणी. गावाच्या एका अंगाला उकरलेली जमीन आणि दुसऱ्या अंगाला ती पवित्र आग. आम्ही दोन्हीमध्ये कधी विसंगती पाहिली नाही, आणि आजही मला ती पाहावीशी वाटत नाही. जत्रेच्या त्या पाच दिवसांत बाबा सोवळ्यात असायचे, टिप्पर दारात उभा, आणि आई रोज सकाळी त्याची काच पुसायची. का, ते मी कधी विचारलं नाही.

नाकाबारूचा यामागासा समोरून गेला तेव्हा आजी ताठ झाल्या. भावाने हळूच विचारलं. हो, त्यांचा तोच. यजमान वीस वर्षं खांद्याला होते. आणि बोलता बोलता, ढोलाच्या दोन ठोक्यांमध्ये, त्यांनी हेही सांगितलं की लग्न करून आल्या तेव्हा महिला मंडळात सगळ्यांत लहान त्याच, म्हणून खोक्यांतली धूळ झटकून तोलायचं काम त्यांच्याकडे. भावाने मला हे मराठीत सांगेपर्यंत त्या परत आगीकडे बघत होत्या. माझी नजर त्यांच्या कठड्यावरच्या हाताकडे गेली. साठ वर्षं झाली. खाडीतला पारा मिसळलेला गाळ उपसून काढला, मासे परतले, १९९०ला संयुक्त राष्ट्रांनी शहराचा सन्मान केला, लोक बाहेरून साराकुरा डोंगरावर चढून कारखान्यांचे दिवे बघायला येतात आणि त्याला सुंदर म्हणतात. आम्हीही गेलो होतो, ६२२ मीटरवर, खालचा उजेड समुद्रापर्यंत सांडलेला. मी पण सुंदरच म्हटलं. पण हात टेकायच्या आधी त्यांचं बोट अजून पुढे जातं.

२०१२ला आमच्याकडच्या खाणी थांबल्या. मग थोड्या चालू, मग २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने परवाने रद्द केल्यावर पुन्हा ठप्प. टिप्परचं कर्ज अर्धं राहिलं होतं. तो परसात उभा राहिला, टायरांतून आळूची पानं वर आली, आणि शेवटी भंगारात गेला. त्या वर्षांत आमच्या घरात धूळ नव्हती. पानं बारा महिने हिरवी. आईच्या बोटाला काही लागायचं नाही आणि ती तरी ते फिरवायची, आणि बोट वर धरून बघायची, आणि मग बाबांकडे न बघता आत जायची. बाबांनी त्या वर्षांत तिच्या डोळ्याला डोळा दिला नाही. हे मी आत्ता लिहिते आहे ते सोपं नाही. मायनिंग बंद झाल्याचा मला आनंद झाला होता. पणजीला नोकरी होती माझी, मला तो परवडत होता.

त्या रात्री घरी आल्यावर मी आईला फोन लावला. आमच्याकडे संध्याकाळ. मागे टीव्हीवर बातम्या, बाबा नेहमीसारखा मोठा आवाज करून बसलेले. मी तिला कंदील सांगितले, धावणारी माणसं सांगितली, बाळाला काजळ लावून नेलं होतं ते सांगितलं. शेवटी बोट सांगितलं. महिला मंडळाचं, चादरींचं, फिल्मचं सांगितलं. ती खूप वेळ गप्प. मला वाटलं, लाइन गेली.

“मग?” ती म्हणाली. “तक्रार करून घरी आल्यावर नवरा काय म्हणाला तिला?”

संग्रहालयातल्या दीड तासात मला हा प्रश्न सुचला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुपटी वाळत घालायला गॅलरीत गेले तेव्हा भावाला मुद्दाम बरोबर घेतलं. त्याने आधी आढेवेढे घेतले, असं वैयक्तिक विचारत नाहीत इथे. मग विचारलं. आजी पत्र्याच्या पलीकडे वाकून काकडीच्या वेलीला पाणी घालत होत्या. त्या हसल्या, बराच वेळ. मग झारी खाली ठेवून सांगितलं. ज्या दिवशी मंडळाच्या बायका कारखान्याच्या दाराशी गेल्या, त्या रात्री यजमान काही बोलले नाहीत. जेवले. आणि जेवण झाल्यावर उठून स्वतःचा वाडगा स्वतः धुतला. त्याआधी कधी धुतला नव्हता, नंतरही कधी धुतला नाही. तो रागाने धुतला की कशाने, ते आपल्याला अजून कळलेलं नाही, असं म्हणून त्यांनी झारी उचलली.

संध्याकाळी मी हे आईला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. वाडगा म्हटल्यावर तिने नुसतं “हं” केलं. मी पुढे सांगत राहिले, रागाने की कशाने, आजींना अजून माहीत नाही. आईने काही विचारलं नाही. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की मागचा टीव्ही बंद झालेला आहे.